पानामागची भाऊबंदकी

या संवादातली दोन माणसं मी रचलेली आहेत. कोळी मात्र सगळे खरे. आत्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आयुष्यभर काचपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरचे जीव चिकटवत बसलेली. भाचा तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याच्या काउंटरवर सकाळपासून कुणी ना कुणी रोगट पान ठेवून ‘यावर काय मारू?’ असं विचारत असतं. दोघांचा विषय एकच: माइट, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचा कोळी, आणि त्यातही प्रोस्टिग्मॅटा नावाचा अवाढव्य गट. माझा कल आत्याकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण भाच्याचे काही मुद्दे मला खोडता आलेले नाहीत, आणि आत्यालाही.

भाचा : आत्या, माझ्या दुकानात कोळ्याचे तीनच प्रकार आहेत. लाल, पांढरा आणि न दिसणारा. लाल म्हणजे भेंडी, वांगी, गुलाब. पानाखाली जाळी दिसते. पांढरा मिरचीवर. न दिसणारा नारळावर. प्रत्येकाची बाटली फळीवर ठरलेली. तुझ्या या एका गटात म्हणे पंचवीस हजार नावं आहेत. त्यांनी माझ्या गिऱ्हाइकाचं काय भलं होतं?

आत्या : पंचवीस हजारांच्या वरच. आजवर नाव मिळालेले सगळे कोळी मिळून पंचावन्न हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याच्या जवळपास इथले. पण तुझे तीन प्रकार तू कशावरून पाडलेस?

भाचा : बाटलीवरून! बरं, खरं सांगतो, नुकसानीवरून. मिरचीचा चुरडामुरडा घे. पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान पालथं झालं, देठ लांबला, तर कोळी. शेतकऱ्यानं नुसतं फोनवर सांगितलं तरी मला कळतं. सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आत्या : कसोटी चांगली आहे. मीही वर्गात हीच सांगायचे. तुझ्या या पांढऱ्या कोळ्याचं नाव पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस. याचा नर मादीहून लहान, पण वयात येऊ घातलेल्या मादीला मागच्या पायांनी उचलतो आणि पाठीवर आडवी धरून कोवळ्या शेंड्याकडे नेतो. दुसऱ्या झाडावर जायचं तर मादी पांढऱ्या माशीच्या पायांना लटकून जाते. आता सांग, मिरचीवर नुसती पांढरी माशी दिसली तर तू कुठली बाटली काढशील?

भाचा : माशीची.

आत्या : आणि थोड्या दिवसांनी तोच शेतकरी पालथी पानं घेऊन येईल तेव्हा कोळ्याची. तुझी वर्गवारी नुकसानीवर उभी आहे, म्हणून ती नुकसान झाल्यावरच बोलते.

भाचा : मान्य. पण बोलते तरी! तुझी वर्गवारी कशावर उभी आहे?

आत्या : कोण कुणाचा, यावर. आठ पाय म्हणजे हे कीटक नाहीत. विंचू आणि जाळं विणणारे कोळी यांच्या गोतावळ्यातले. माइटांच्या दोन मोठ्या शाखा मानतात. एकीत गोचीड, मधमाश्यांवरचा वरोआ, आणि पानांवर इतर कोळ्यांची शिकार करणारे फायटोसिइड. तिला पॅरासिटिफॉर्मिस म्हणतात. दुसरी ॲकॅरिफॉर्मिस. तिच्यात खरजेचा कोळी, गादीतल्या धुळीतला कोळी, पालापाचोळा कुजवणारे ओरिबॅटिड, आणि आपला प्रोस्टिग्मॅटा. हे नाव १८७७मध्ये क्रेमर यांनी दिलं. यांची श्वासाची भोकं तोंडाजवळ असतात, गोचिडासारखी अंगाच्या बाजूला नसतात.

भाचा : भोकं कुठे आहेत यावरून सोयरीक ठरवायची?

आत्या : एवढ्यावर नाही ठरवत. दुसरी एक खूण आहे, आणि ती सापडली खाणवाल्या माणसाला. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ग्रांजाँ म्हणून एक गृहस्थ होते, जन्म १८८२चा. शिक्षणानं खाणींचे अभियंते, पेशानं खनिजशास्त्राचे. तरुणपणी जॉर्ज फ्रिडेल यांच्याबरोबर द्रव स्फटिकांवर काम केलेलं. खनिजवाल्यांच्या सूक्ष्मदर्शकात ध्रुवित प्रकाशाच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींना आडव्या फिरवल्या की सगळं काळंकुट्ट होतं आणि त्या काळोखात स्फटिक तेवढे उजळतात. ग्रांजाँ पुढे कोळ्यांकडे वळले तेव्हा त्यांनी कोळीच त्या काळोखात ठेवला. काहींच्या अंगावरचे केस लख्ख उजळले, काहींचे तसेच विझलेले. १९३५मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. उजळणाऱ्या केसाच्या गाभ्यात एक वेगळा पदार्थ असतो, ॲक्टिनोपिलिन. तो आपल्या शाखेत आहे. गोचीड-वरोआच्या शाखेत नाही.

इथे मला मध्येच बोलू द्या. प्राणिशास्त्रज्ञ तोवर कोळ्यांचे केस मोजत होते, त्यांच्या जागा नोंदवत होते, चित्रं काढत होते. तो केस प्रकाशाशी काय करतो हे विचारायला स्फटिकांचा माणूस यावा लागला. आपल्याकडच्या विद्यापीठांत भूशास्त्राचा आणि प्राणिशास्त्राचा विभाग एकाच आवारात असतात. चहाही एकाच टपरीवर होतो. त्यापुढे फारसं काही होत नाही.

भाचा : गोष्ट झकास आहे. पण केस उजळला म्हणून भेंडीचा भाव वाढत नाही.

आत्या : मग भेंडीचंच पान उलटं कर. जाळीखाली लाल कोळी, टेट्रॅनिकस अर्टिकी. त्यांच्यातच एक पिवळसर, थेंबासारखा, भराभर धावणारा कोळी दिसेल. निओसिउलस लाँगिस्पायनोसस. तो या लाल कोळ्याची अंडी खातो. दोघे जवळपास सारख्याच मापाचे. तुझ्या काउंटरवर दोघेही ‘कोळी’. पण एकाचा केस काळोखात उजळतो आणि दुसऱ्याचा उजळत नाही, म्हणजे त्यांच्या वाटा केव्हाच्या फुटल्या आहेत. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या गारगोटीत सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे कोळी सापडले आहेत, ते उजळणाऱ्या शाखेतले. म्हणजे फूट त्याच्याही आधीची. तेव्हा जमिनीवर फूल नव्हतं, पंख असलेला प्राणी नव्हता.

भाचा : आणि मी दोघांवर एकच पायरेथ्रॉइड मारतो.

आत्या : मारतोस, आणि बहुतेक वेळा धावणारा मरतो, जाळीतला उरतो. लाल कोळ्याची हजाराहून जास्त वनस्पतींवर गुजराण चालते. प्रत्येक वनस्पतीचं विष वेगळं. ती पचवता पचवता तुझी औषधंही पचवायला तो शिकला. नव्वदहून जास्त कीडनाशक घटकांना त्याच्या कुठल्या ना कुठल्या वस्तीनं दाद दिलेली नाही. त्यात मादीचं मीलन झालं नाही तरी ती अंडी घालते; त्यातून फक्त नर निघतात, पण वंश थांबत नाही. उन्हाळ्यात दहाएक दिवसांत पिढी तयार.

भाचा : हे मला फळीवरूनही दिसतं. दरवर्षी जुनी बाटली धूळ खाते आणि नवी येते. पण आत्या, तुला एका ठिकाणी पकडतो. तू म्हणतेस शिकारी दुसऱ्या शाखेतला. मग तुझ्या प्रोस्टिग्मॅटात शिकारी नाहीत?

आत्या : आहेत. चेलेटिड आहेत, क्युनॅक्सिड आहेत, ॲनिस्टिड आहेत. लाल कोळ्याचे बरेच जवळचे नातलग असलेले स्टिग्मेइडसुद्धा त्याचीच अंडी खातात.

भाचा : म्हणजे नात्यावरून स्वभाव कळत नाही.

आत्या : नाही कळत. तुझं बरोबर आहे. या गटात कुणी काय खावं याला धरबंध नाही. पानाचा रस पिणारे आहेत, बुरशी खाणारे आहेत, शिकारी आहेत, परजीवी आहेत. कॅलिफोर्नियात पॅराटार्सोटोमस मॅक्रोपॅल्पिस नावाचा तिळाएवढा कोळी तापलेल्या फरसबंदीवर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या ३२२ पट धावतो, हे २०१४मध्ये जाहीर झालं. चित्ता तितका धावता तर ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेला असता. पाणकोळी तर पाण्यातच राहतात, ओढ्यात, तळ्यात, झऱ्यात. सहा हजारांहून अधिक जाती. भारतातल्या पाणकोळ्यांवर डेव्हिड कुक यांनी १९६७मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. समुद्रातले वेगळे, ते हॅलॅकॅरिड. आणि एक आत्ता या क्षणी तुझ्या नाकाशेजारी आहे.

भाचा : कुठे?

आत्या : केसाच्या मुळाशी. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम. बहुतेक मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो, रात्री बाहेर येतो. त्याला गुदद्वारच नाही, मळ अंगातच साठतो आणि मेल्यावर फुटतो, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२२मध्ये त्याचा जनुकसंच वाचणाऱ्यांनी नीट पाहिलं तर गुदद्वार होतं.

भाचा : (हसून) आणि तू मला म्हणतेस की दुकानदारानं नीट बघावं!

आत्या : हो, म्हणते. आता तुला नात्याचा उपयोग दाखवते. मृगाचा किडा पाहिलायस?

भाचा : म्हणजे काय! पहिला पाऊस झाला की बांधावर मखमली लाल. लहानपणी काडेपेटीत भरायचो. आता फारसा दिसत नाही.

आत्या : तो ट्रॉम्बिडियम, याच गटातला. भारतातला मोठा असतो, बोटाच्या पेरावर ठेवावा एवढा. बाकीच्या कोळ्यांपुढे राक्षसच. छत्तीसगडकडे वाळवून औषधासाठी विकतात. तुला दिसतो तो प्रौढ. जमिनीत कीटकांची अंडी, वाळवी असलं खाऊन राहतो. पण त्याचं पिल्लू पाहिलंस का? सहा पायांचं, डोळ्यांना जेमतेम दिसणारं, टोळासारख्या कीटकाच्या अंगाला चिकटून त्याचा रस पिणारं. आईशी तोंडवळा जुळत नाही. पिल्लू परजीवी, मग एक निपचित अवस्था, मग शिकारी छावा, पुन्हा निपचित अवस्था, मग प्रौढ. ट्रॉम्बिडियम, चिगर, पाणकोळी, सगळे या एकाच पद्धतीनं वाढतात. मिळून त्यांना पॅरासिटेंगोना म्हणतात. पाणकोळ्याचं पिल्लू डासाच्या अंगावर चढतं आणि त्याच्याबरोबर उडून दुसऱ्या तळ्यावर जातं.

भाचा : चिगर कोण?

आत्या : मृगाच्या किड्याचा चुलतभाऊ. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, आठवतं? तो ताप ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूचा, आणि तो जिवाणू माणसात सोडणारं म्हणजे चिगरचं पिल्लू. भारतात मुख्यतः लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. ते गवताच्या टोकाशी उंदराची, चिचुंद्रीची वाट बघत बसतं. गवत कापणारा माणूस आला तर त्याला चिकटतं. रक्त पीत नाही. लाळ सोडून कातडीचा थोडा भाग विरघळवतं, तिथे एक नळी तयार होते, आणि तेवढं चाटून निघून जातं. चावल्याचं कळतही नाही. काही दिवसांनी तिथे काळी खपली दिसते, मग ताप. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लीननं बरा होतो, नाहीतर जीवही जातो.

भाचा : यात नातं कुठे आलं?

आत्या : विचार कर. हे पिल्लू आयुष्यात एकदाच प्राण्याला चिकटतं. छावा आणि प्रौढ तर जमिनीत कीटकांची अंडी खातात, मृगाच्या किड्यासारखेच. मग आजारी उंदराला चावून नंतर माणसाला चावायची संधीच त्याला मिळत नाही. डासाचा हिशोब इथे लागू पडत नाही. जिवाणू पुढे जातो तो आईच्या अंड्यातून पिल्लात, पिल्लातून मोठ्यात, पुन्हा अंड्यात. म्हणजे रोगाचा साठा कोळ्यातच आहे, जमिनीत. डास-पिसूवरून विचार करणाऱ्याला हे कोडं वाटतं. मृगाचा किडा ज्याला ठाऊक आहे त्याच्या मनात पहिला प्रश्नच हा येतो, की या पिल्लाचे आईबाप काय खातात?

भाच्याला हे पटलं असावं, कारण तो बराच वेळ गप्प होता. पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाला उधारीची वही वाचायची सवय असते. त्यानं मग शास्त्राची वही उघडली.

भाचा : आईशी तोंडवळा जुळत नाही म्हणालीस. मग पिल्लू एकाला सापडलं आणि प्रौढ दुसऱ्याला, तर नाव काय ठेवता?

आत्या : (थांबून) दोन ठेवतो. चिगरच्या तीनेक हजार जाती नोंदल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक फक्त पिल्लावरून. उंदीर पकडून कानातून पिल्लं काढणं सोपं, मातीतून प्रौढ शोधणं अवघड. उलट मखमली कोळ्यांत प्रौढावरून नावं पडली. त्यामुळे एकाच प्राण्याची दोन नावं, कधी दोन प्रजातीसुद्धा, पुस्तकात आजही शेजारी शेजारी नांदत असतील. पिल्लू घरी वाढवून प्रौढ होईपर्यंत सांभाळलं, किंवा दोघांची जनुकं ताडून पाहिली, तरच जोडी लागते. ते काम फार थोडं झालंय.

भाचा : म्हणजे पंचवीस हजारांत दुबार नावं आहेत. आमच्याकडे रेशनकार्डावर असं झालं तर चौकशी लागते.

आत्या : लागायलाच हवी.

भाचा : आणि लाल कोळ्याचं काय? माझ्याकडे जुन्या पुस्तिका आहेत. एकीत हिरवट, पाठीवर दोन काळे ठिपके असलेला टेट्रॅनिकस अर्टिकी. दुसरीत लालभडक टेट्रॅनिकस सिन्नाबॅरिनस. दोन जाती, दोन परिच्छेद. परवा कृषी विद्यापीठाचा मुलगा म्हणाला, आता एकच. कुणाचं खरं?

आत्या : मुलाचं. अर्टिकी १८३६चा, कोख यांचा. सिन्नाबॅरिनस १८६७चा, ब्वादुवाल यांचा. पुढच्या जवळपास दीडशे वर्षांत हे दोन वेगळे की एक यावर वाद झाले. शेवटी नराच्या जननेंद्रियाचं टोक, मादीच्या पाठीवरच्या रेषा आणि जनुकं, सगळं पाहून २०१३मध्ये एका गटानं मांडलं की लाल आणि हिरवा ही एकाच जातीची दोन रूपं आहेत. तो रंग कॅरोटिनॉइडचा. त्यातली गंमत बघ, प्राण्यांना सहसा कॅरोटिनॉइड बनवता येत नाही, खाऊन मिळवावं लागतं. या कोळ्याच्या जनुकसंचात ते बनवण्याची जनुकं निघाली आणि ती मुळात बुरशीकडून आलेली दिसतात. त्याचा जनुकसंच २०११मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम ९ कोटी अक्षरांचा.

भाचा : गंमत राहू दे. मी तर पहिल्यापासून दोघांना ‘लाल कोळी’ म्हणून एकच बाटली देत होतो. म्हणजे तुमची दीडशे वर्षं वाया आणि माझी फळी बरोबर!

आत्या : तुझी फळी चुकून बरोबर आली. भेंडी-वांग्यावर आपल्याकडे आणखी एक लाल कोळी असतो, टेट्रॅनिकस मॅकफार्लेनी. तो खरंच वेगळी जात आहे. दिसायला तोच, जाळी तीच. नर पकडून, काचपट्टीवर कुशीवर झोपवून जननेंद्रियाचं टोक पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही. तुझ्या बाटलीवरची मात्रा कुठल्या जातीवर चाचणी करून ठरवली हे तुला ठाऊक आहे? चाचणी करणाऱ्याला तरी ठाऊक होतं का?

भाचा : लेबलवर ‘माइट्स’ एवढंच असतं.

आत्या : तेच म्हणते मी. दोन नावांचं एक करणं आणि एका नावाची दोन करणं, दोन्ही एकाच कसोटीतून निघतं. तुझ्या ‘लाल’मध्ये कसोटीच नाही, म्हणून तो कधी चुकला हेही तुला कळणार नाही. ऱ्हायनीचा कोळी सांगितला ना मघाशी? त्याला १९२३मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्टॅन्ली हर्स्ट यांनी नाव दिलं, प्रोटाकारस क्रानी. त्यांना वाटलं एकच जात. १९६२मध्ये दुबिनिन यांनी त्याच नमुन्यांत पाच जाती मानल्या. आणि हर्स्ट यांनी त्याच १९२३ साली आपल्या ज्वारीची पानं लाल करणाऱ्या कोळ्यालाही नाव दिलं, ज्याला आज ओलिगोनिकस इंडिकस म्हणतात. ४१ कोटी वर्षांपूर्वीचा एक आणि शाळूच्या शेतातला एक, एकाच टेबलावर. कृषी खात्यातल्या माणसाला ज्वारीचा कोळी दिसतो. हर्स्टना दोघांमधलं अंतर दिसत असणार.

भाचा : मग न दिसणाऱ्याचं बोल. माझी खरी अडचण तिथे आहे. कोकणातला पाहुणा दर वर्षी फोन करतो: नारळ लहान राहतो, देठाशी फिकट त्रिकोणी डाग येतो, मग तो तपकिरी होऊन सोडणाला भेगा पडतात. मी औषध सांगतो, तो माणूस माडावर चढवतो, फवारतो. फरक शून्य.

आत्या : कारण औषध जिथे पडतं तिथे तो नाही. ॲसेरिया गेरेरोनिस, मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातल्या नारळावरून कीफर यांनी १९६५मध्ये वर्णन केलेला. भारतात १९९८मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात दिसला आणि मग किनारा धरून पसरला. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. कोवळ्या नारळाच्या देठाजवळचं जे टोपण असतं त्याच्या खाली हजारोंनी राहतो. म्हणून तर मुळातून कडुनिंबाचं औषध पाजायची पद्धत आली. आता त्याचे पाय मोज.

भाचा : आठ.

आत्या : चार. पिल्लालाही चार, म्हाताऱ्यालाही चार. अंग अळीसारखं लांब, वळकट्या पडलेलं. हे इरिओफिऑइड, पाच हजारांच्या आसपास जाती, सगळे झाडावर, बहुतेक एकेकाचं झाड ठरलेलं. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरात सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेच्या थेंबांत यांचे पूर्वज सापडले, २०१२मध्ये जाहीर झालं. पाय तेव्हाही चारच. सपुष्प वनस्पती यायच्या होत्या. ते सूचिपर्णी झाडांवर राहत होते.

भाचा : आणि श्वासाची भोकं? तोंडाजवळ?

आत्या : नाहीतच. श्वासनलिकाही नाहीत. एवढ्या लहान जिवाचं कातडीवाटे भागतं.

भाचा : थांब. ज्या गटाची ओळखच तोंडाजवळची भोकं, त्यात तू बिनभोकांचे पाच हजार कोंबलेस?

आत्या : मी नाही, आमच्या आधीच्यांनी. पण शिकवलं मीच. तर्क असा होता की भोकं होती, नंतर गेली. २०१७पासून एकेक अभ्यास उलटा येऊ लागला, आधी शरीररचनेचे, मग जनुकांचे. त्यांच्या मते हे प्रोस्टिग्मॅटा नाहीतच. यांचे सख्खे नेमॅटॅलिसिड: खोल मातीत, वाळूच्या कणांमधून सरपटणारे, किड्याहून दोऱ्यासारखे दिसणारे कोळी. त्यांना आठ पाय आहेत, पण अंगाची लांबण तीच, वळकट्या त्याच. म्हणजे ही अळीसारखी ठेवण झाडावर घडली नसून मातीतूनच आणलेली असावी.

भाचा : म्हणजे पाचातला एक तुझ्या गटातून गेला. तुला वाईट नाही वाटत?

आत्या : मला तर पुन्हा नोकरीला लागावंसं वाटतं. अरे, गट नुसता सोयीसाठी पाडलेला असता तर तो कधी चुकला असता का? काही खुणांवर आमच्या आधीच्यांनी पैज लावली होती, आणि पैज हरल्याचं कळलं. शिवाय मोठी पैज अजून उघडीच आहे. गोचिडांची शाखा आणि आपली शाखा एकाच आईच्या की नाही, यावरही एकमत नाही. काही अभ्यासांत आपली शाखा वाळवंटातल्या उंटकोळ्यांच्या शेजारी जाऊन बसते.

मला इथे भाच्याची बाजू घ्यावीशी वाटते. पैज हरण्यात शास्त्रज्ञाची मौज असेल; शेतकऱ्याच्या हातात मात्र पुस्तिका असते, आणि ती दहा-वीस वर्षं बदलत नाही. आत्याच्या उत्तरात या उशिराचा हिशोब नाही. तिनं तो दिला नाही, भाच्यानं मागितलाही नाही. तो तुरीकडे वळला.

भाचा : शेवटचं. विदर्भातून एक जण तुरीचं झाड घेऊन आला. कमरेएवढं, झुडपासारखं दाटलेलं, पानं बारीक आणि फिकट, फूल एक नाही. वांझ रोग. त्यानं विचारलं काय मारू, मी कोळीनाशक दिलं. हाही कोळ्याचाच ना?

आत्या : कोळी वाहक. ॲसेरिया कजानी, याच चार पायांच्या कुळातला. हा रोग १९३१मध्ये बिहारच्या पुसाहून नोंदला गेला. १९६२मध्ये सेठ यांनी दाखवलं की तो इरिओफिड कोळ्यातून पसरतो. १९६६मध्ये बंगळूरच्या चन्नबसवण्णांनी त्या कोळ्याला नाव दिलं.

भाचा : बघ! नाव नसतानाच वाहक सापडला.

आत्या : सापडला, कारण सेठ यांना कुळ ठाऊक असणार. या कुळातले कोळी विषाणू वाहतात हे आधी इतर पिकांत दिसलेलं होतं. नाहीतर तुरीच्या पानाखाली जाळी नाही, डाग नाही, ओरखडा नाही. तिथे भिंग लावून बघायचं कुणाला सुचलं असतं? खुद्द विषाणू ओळखायला आणखी चार दशकं गेली. २०००च्या सुमारास हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांबरोबर ते काम झालं. आता सांग, त्या माणसाचं झाड केवढं होतं?

भाचा : कमरेएवढं म्हटलं ना.

आत्या : म्हणजे विषाणू आत शिरून कितीतरी दिवस झाले. कोळी मारून ते झाड फुलायचं नाही. कोळ्याला दुसरीकडे फारसं राहता येत नाही. तूर आणि तुरीचे रानटी भाऊबंद, एवढंच त्याचं जग. म्हणून मागच्या हंगामातल्या खोडव्याची आणि बांधावर आपोआप उगवलेली तूर उपटायची, रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करायचं. आणि पुढच्या वर्षी बियाणं बदलायचं. बदनापूरच्या केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा वाण याच रोगाला तोंड द्यायला काढलेला आहे.

भाचा : म्हणजे त्या झाडाला बाटली द्यायचीच नव्हती.

आत्या : त्या झाडाला नाही.

भाचा : आणि बीएसएमआरचं बियाणं मी ठेवत नाही. समोरचा ठेवतो.

आत्या : मग त्याच्याकडे पाठव.